सात पक्ष, तेरा मंत्री



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पुष्कळांची अशी समजूत झाली असेल की, आम्ही येथे डाव्या विचारसरणीची भलावण तरी करणार किंवा तिचे वाभाडे तरी काढणार. दोन्ही कामे करणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालण्याची गरज नाही. आम्हांला बोलावयाचे आहे ते एका खोलीविषयी. ज्या खोलीत दहापंधरा माणसे टेबलाभोवती बसतात, दार लावून घेतात आणि एका राज्याचा कारभार ठरवितात, त्या खोलीला आपण मंत्रिमंडळ म्हणतो. ही माणसे जर एकाच पक्षाची नसतील, सात निरनिराळ्या पक्षांची असतील, तर त्या खोलीत काय घडते? तेथे बसलेला मंत्री नेमका कोणाचा? मुख्यमंत्र्याचा, आपल्या पक्षाचा, की विधानसभेचा? एवढाच आजचा प्रश्न आहे. त्यासाठी केरळात ६ मार्च १९६७ रोजी शपथ घेतलेले ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांचे मंत्रिमंडळ आम्ही मुख्यतः पुढे घेतले आहे.

आपल्या भाषेत अशा कारभाराला एक आयते नाव आहे: बारभाई कारभार. घरात चार माणसांनी चार बाजूंनी स्वयंपाकात हात घातला की आजी म्हणते, हा बारभाईचा कारभार काही खरा नाही! गंमत अशी की, ज्या मूळच्या बारभाईंवरून हा शब्दप्रयोग पडला, त्यांनी राज्य बुडविले नव्हते, उलट सावरले होते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर सखारामबापू, नाना फडणीस आणि इतर मुत्सद्दी एकत्र आले आणि पाळण्यातल्या सवाई माधवरावाच्या नावाने त्यांनी कारभार चालविला. राघोबादादांना दूर ठेवणे या एका गोष्टीवर त्यांचे एकमत होते. ते काम जसजसे साधत गेले तसतसे बाराचे थोडे झाले आणि शेवटी एकटे नाना उरले. हा इतिहास श्रोत्यांनी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होईल.

आता केरळ. १९५७ साली तेथे कम्युनिस्ट पक्षाचे सरकार आले ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या मंत्रिमंडळात पक्षाने पुरस्कृत केलेले काही अपक्ष होते, न्यायमूर्ती म्हणून पुढे ज्यांची कीर्ती झाली ते व्ही. आर. कृष्ण अय्यर त्यांपैकीच. परंतु मंत्रिमंडळ मुळात एका पक्षाचे होते. ते ३१ जुलै १९५९ रोजी बरखास्त झाले, आणि त्यापूर्वी त्याच्याविरुद्ध जे आंदोलन झाले त्यात चर्च होते, नायर सर्व्हिस सोसायटी होती, काँग्रेस होती. त्याचबरोबर मुस्लिम लीग होती, प्रजा समाजवादी होते आणि क्रांतिकारी समाजवादी, म्हणजे आर. एस. पी. हेही होते. त्या आंदोलनात पुढाकार घेणारे फादर वडक्कन नावाचे एक धर्मगुरू होते. ही यादी आम्ही मुद्दाम दिली, कारण आठ वर्षांनी मांडलेल्या सात पानांच्या पंगतीत यांतली बरीच मंडळी नंबूद्रिपादांच्या शेजारी जेवावयास बसलेली दिसतात. फादर वडक्कन यांनी काढलेला शेतकरी-कामगारांचा छोटा पक्षसुद्धा त्यांत होता!

हे घडले कसे? तत्त्वनिष्ठेच्या चष्म्यातून पाहिले तर काही उलगडा होत नाही. बेरीज-वजाबाकी केली की होतो. १९६४ साली कम्युनिस्ट पक्ष फुटला. १९६५ च्या निवडणुकीत दोन्ही तुकडे एकमेकांविरुद्ध लढले. मार्क्सवादी पक्ष चाळीस जागा घेऊन पहिला आला, पण त्याचे पुष्कळ उमेदवार तुरुंगातच होते, आणि बहुमत कोणालाच नव्हते. ती विधानसभा एकदाही न भरता विसर्जित झाली. निवडून आलेल्या आमदाराने सभागृहाची पायरीही चढू नये असा हा प्रकार. त्यातून शहाणपण आले. १९६७ साली सात पक्षांनी आधी जागा वाटून घेतल्या, आणि मग मतदारांपुढे गेले. १३३ जागांपैकी बहुतेक आघाडीला मिळाल्या. काँग्रेसला अवघ्या ९ मिळाल्या, आणि तिला पडलेली मते मात्र शेकडा ३५ च्या वर होती! आपल्या निवडणूकपद्धतीत फाटाफुटीला केवढी शिक्षा आणि एकीला केवढे बक्षीस आहे हे यावरून दिसेल.

पण मते मागताना एकत्र येणे निराळे आणि खाती वाटताना एकत्र राहणे निराळे. लग्न ठरविताना सगळेच व्याही गोड बोलतात.

मंत्रिमंडळ तेरा जणांचे झाले. मार्क्सवादी पक्षाचे ५२ आमदार होते. त्यांनी मंत्री घेतले चार. कम्युनिस्ट पक्षाचे १९ आमदार, मंत्री दोन. संयुक्त समाजवाद्यांचे १९, मंत्री दोन. मुस्लिम लीगचे १४, मंत्री दोन. आर. एस. पी.चे ६, मंत्री एक. वडक्कनांच्या पक्षाचे दोन आमदार, मंत्री एक. आणि केरळ सोशॅलिस्ट पार्टीचे मथाई मंजूरान हे एकटेच आमदार आणि तेच मजूरमंत्री. त्यांच्या पक्षाची विधिमंडळ-बैठक त्यांना केव्हाही, कोठेही भरविता येत असे, आणि ठराव एकमताने होत असावेत असा आमचा तर्क आहे.

थोरल्या भावाने धाकट्यांना झुकते माप दिले ही गोष्ट चांगलीच झाली. पण तिचा एक परिणाम ध्यानात घ्यावा लागेल. तेरांपैकी नऊ मंत्री असे होते की, ज्यांना मुख्यमंत्र्याने निवडले नव्हते. घटनेच्या शब्दांत मंत्र्यांची नेमणूक मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने होते. प्रत्यक्षात नाव पक्षाने कळवावे आणि मुख्यमंत्र्याने ते राज्यपालांकडे पोचवावे, एवढेच त्याच्या हाती उरते. ज्याला नेमले आपण नाही, त्याला काढावयाचे कसे? त्याला काढणे म्हणजे एका पक्षाला काढणे, आणि एका पक्षाला काढणे म्हणजे सरकार पाडणे.

ही नुसती शास्त्रार्थाची गोष्ट नाही, म्हणून एक उदाहरण कल्पून पाहू. पालघाटकडचा एखादा भातशेती करणारा कूळ घ्या. त्याच्या जमिनीचा प्रश्न महसूलमंत्री के. आर. गौरी यांच्याकडे, म्हणजे मार्क्सवादी पक्षाकडे. बीबियाणे आणि खत यांचे खाते एम. एन. गोविंदन नायर यांच्याकडे, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाकडे. कालव्याचे पाणी समाजवादी पी. आर. कुरुप यांच्याकडे. गावची पंचायत लीगच्या अहमद कुरिक्कल यांच्याकडे, आणि मोठा रस्ता आर. एस. पी.च्या टी. के. दिवाकरन यांच्याकडे. एक एकर भात, पण त्याच्या बांधावर पाच पक्ष उभे! या पाचही खात्यांचे कागद एका टेबलावर येऊन जुळले तरच त्या माणसाच्या शेतात काही बदल दिसणार. खाते म्हणजे पक्षाची जहागीर असे जेथे झाले, तेथे कागद जुळत नाहीत; फायली या दारातून त्या दारात हिंडतात आणि जो तो सांगतो, आमच्याकडून काम झाले आहे, अडले आहे ते त्यांच्याकडे.

आणि दोन कम्युनिस्ट पक्षांची भाऊबंदकी तर विचारू नये. केरळच्या लोकांना तिचे जे चित्र दिसत होते ते कोणा नाटककाराला सुचणार नाही. महसूलमंत्री गौरी आणि उद्योगमंत्री टी. व्ही. थॉमस हे पतिपत्नी. १९५७ च्या मंत्रिमंडळात दोघेही होते आणि त्याच वर्षी मंत्री असतानाच त्यांचा विवाह झाला. १९६४ साली पक्ष फुटला तेव्हा पत्नी एका पक्षात गेली, पती दुसऱ्या पक्षात राहिला. १९६७ साली दोघे पुन्हा एका मंत्रिमंडळात आले, परंतु दोन पक्षांचे प्रतिनिधी म्हणून. या संसाराची पुढे काय वाताहत झाली त्याची चिकित्सा येथे करणे सभ्यपणाचे होणार नाही. एवढेच म्हणतो की, ज्या निष्ठेने घराचा उंबरठा ओलांडून आत प्रवेश केला, ती मंत्रिमंडळाच्या खोलीबाहेर चपलांसारखी काढून ठेवता येईल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होते.

आपल्या घटनेच्या १६४ व्या कलमात मंत्रिमंडळाची विधानसभेला सामुदायिक जबाबदारी सांगितली आहे. या सामुदायिक जबाबदारीचा अर्थ आपण बहुधा अर्धाच घेतो. बाहेर सगळ्यांनी एका सुरात बोलावे, हा तो अर्धा अर्थ. उरलेला अर्धा असा की, आत मनसोक्त भांडण्याची सोय असावी. आत भांडता आले नाही की माणसे बाहेर भांडतात. सप्तकक्षी आघाडीने (मल्याळी लोक या आघाडीला सप्तकक्षी म्हणत, कक्षी म्हणजे पक्ष) एक समन्वय समिती नेमली होती. सात पक्षांचे पुढारी तेथे बसत. पण मार्क्सवादी पक्षाची भूमिका अशी होती की, अशी सरकारे ही लोकांच्या हातातील लढ्याची साधने आहेत. राज्य करता करता केंद्राशी झगडावयाचे, आणि झगडताना लोकांची तयारी करावयाची. धाकट्या पक्षांना लढ्यापेक्षा कारभारात अधिक रस होता. दोन्ही भूमिकांत तथ्य होते. केरळला लागणाऱ्या तांदळाच्या निम्म्याच्या आसपासच तेथे पिकत असे, बाकीच्यासाठी दिल्लीच्या तोंडाकडे पाहावे लागे. तेव्हा केंद्राशी झगडा हा केवळ हौसेचा भाग नव्हता. परंतु एकाच गाडीला जुंपलेला एक बैल लढाईला निघाला आहे आणि दुसरा बाजाराला, असे झाले म्हणजे गाडीवानाने काय करावे?

तरीही या मंत्रिमंडळाने काम केले नाही असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. १९६८ साली कालिकत विद्यापीठ उभे राहिले, शिक्षणमंत्री सी. एच. मुहम्मद कोया यांचा त्यासाठी मोठा आग्रह होता. १६ जून १९६९ रोजी मलप्पुरम जिल्हा झाला. त्यावर देशभर काहूर उठले, परंतु मागासलेल्या मलबारच्या त्या भागाला स्वतःचे जिल्ह्याचे ठिकाण मिळाले ही गोष्ट नाकारता येणार नाही. अर्थमंत्री पी. के. कुंजू यांनी सरकारी लॉटरी काढली. तिकीट एक रुपयाचे, पहिले बक्षीस पन्नास हजारांचे, आणि पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी. समाजवादी अर्थमंत्र्याने नशिबाचा बाजार मांडावा हे आम्हांला फारसे रुचत नाही. पण नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? १९६९ च्या एप्रिलमध्ये आपल्या महाराष्ट्रानेही तोच कित्ता गिरवला.

या सर्वांत मोठे काम जमीनसुधारणेच्या दुरुस्ती-कायद्याचे. १९५७ साली गौरीअम्मांनी जे विधेयक आणले होते ते पुढे मोडतोड होत, न्यायालयांच्या कचाट्यात सापडत अर्धमेले झाले होते. १९६९ च्या दुरुस्तीने त्यात पुन्हा प्राण आला. कुळवहिवाट मुळातच संपवावयाची, जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हावयाची. आणि जमीनदाराच्या आवारात झोपडी बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुडिकिडप्पुकारांना झोपडीभोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क द्यावयाचा, खेड्यात दहा सेंट, नगरपालिकेत पाच, मोठ्या शहरात तीन. सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग. आपल्याला ही जागा क्षुल्लक वाटेल. पण मालकाने उद्या ऊठ म्हटले तर उठावे लागणाऱ्या माणसाला, आता मला कोणी उठवू शकत नाही, हे कळणे म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. चहारबरांच्या मळ्यांना मात्र कायद्याने हात लावला नाही. ती उणीव त्या वेळीही होती आणि नंतरही राहिली.

हा कायदा सभागृहाने मंजूर केला तो १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये मंत्रिमंडळ कोसळले!

कारण झाले भ्रष्टाचाराच्या आरोपांचे. कुंजू त्याच वर्षी आधीच बाहेर पडले होते. मग चौकशी कोणाची करावयाची आणि कोणाची नाही यावरून जुंपली. छोटे पक्ष म्हणत, आमच्याच मंत्र्यांची चौकशी का? मोठ्या पक्षाच्या मंत्र्यांचीही होऊ द्या. मुख्यमंत्र्यांनी एक मोजपट्टी लावावी तर ती लावणारा हात एका पक्षाचा. समितीने लावावी तर समितीत सातही पक्ष, म्हणजे आरोपी तेच आणि पंचही तेच. आरोप खरे होते की खोटे या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांला दिसते ते असे की, भागीदारीचा धंदा मांडताना यांनी नफा कसा वाटावयाचा ते ठरविले होते, पण हिशेब कोणी तपासावयाचा ते ठरविले नव्हते. कम्युनिस्ट, लीग, आर. एस. पी. आणि समाजवाद्यांतून निघालेला गट यांचे मंत्री बाहेर पडले. सभागृहात सरकारविरुद्ध मत गेले आणि २४ ऑक्टोबर १९६९ रोजी नंबूद्रिपादांनी राजीनामा दिला. १९५९ साली सरकार बाहेरून पाडावे लागले होते. १९६९ साली ते आतून पडले.

त्याच सुमारास बंगालमध्ये याहून चमत्कारिक प्रकार चालला होता. १९६७ साली आलेले संयुक्त आघाडीचे सरकार राज्यपालांनी नोव्हेंबरात घालविले, पण १९६९ च्या निवडणुकीत आघाडी २८० पैकी २१४ जागा घेऊन परत आली. मुख्यमंत्री बांगला काँग्रेसचे अजय मुखर्जी, उपमुख्यमंत्री आणि पोलीस खात्याचे मंत्री मार्क्सवादी पक्षाचे ज्योती बसू. गावोगाव घटक पक्षांच्याच अनुयायांत मारामाऱ्या होऊ लागल्या. मुख्यमंत्र्यांना वाटे पोलीस हलत नाहीत; पण पोलीस त्यांच्या हाती नव्हते. तेव्हा डिसेंबर १९६९ मध्ये अजयबाबू कलकत्त्याच्या कर्झन पार्कात उपोषणाला बसले. कोणाविरुद्ध? आपल्याच सरकारच्या कारभाराविरुद्ध! मुख्यमंत्र्याने सत्याग्रह करावा आणि मागणी स्वतःच्या मंत्रिमंडळाकडे करावी, याला जगात दुसरे उदाहरण आम्हांला तरी आढळले नाही. लोक हसले. पण त्या हसण्यात एक गोष्ट हरवली. खोलीत ज्याचे कोणी ऐकत नाही, तो बागेत जाऊन बसतो. मार्च १९७० मध्ये तेही सरकार गेले.

या दोन अपघातांतून ज्यांनी धडा घेतला त्यांनी १९७७ साली बंगालमध्ये डावी आघाडी उभी केली. येथे मार्क्सवादी पक्षाला २९४ पैकी १७८ जागा, म्हणजे एकट्याचे निर्विवाद बहुमत होते. तरीही फॉरवर्ड ब्लॉक आणि आर. एस. पी. यांना त्यांनी मंत्रिमंडळात घेतले आणि पुढे चौतीस वर्षे हे नाते टिकविले. भांडणासाठी एक जागा नेमून दिली होती: आघाडीची समिती. तिचे अध्यक्ष प्रमोद दासगुप्ता. ते मंत्री नव्हते. वाद तेथे मिटावयाचे, मग मंत्रिमंडळासमोर यावयाचे. या स्थैर्याचे फळ दिसले. १९७८ साली पंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्याच वर्षी बर्गादारांच्या, म्हणजे वाटेकऱ्यांच्या नोंदणीची मोहीम निघाली आणि पुढे सुमारे चौदा लाख वाटेकऱ्यांची नावे सरकारी दप्तरी चढली.

मग हेच उत्तर का? आम्ही अडखळतो ते येथे. वाद खोलीबाहेर मिटू लागला की खोलीत उरते काय? सही. विधानसभेला जबाबदार असलेले मंडळ शिक्का मारू लागते, आणि निर्णय घेणारी समिती विधानसभेला जबाबदार नसते. धाकटे पक्ष आपापल्या खात्यांत सुखी होतात आणि थोरल्याच्या खात्यात डोकावत नाहीत. बारभाईंचा एकटा नाना झाला तो असाच हळूहळू. १४ मार्च २००७ रोजी नंदिग्राम येथे पोलिसांच्या गोळीबारात चौदा माणसे मेली, तेव्हा आघाडीतील मित्रपक्ष उघडपणे म्हणू लागले की, आम्हांला विचारले नव्हते. तीस वर्षे एका सरकारात बसलेल्यांनी हे म्हणावे! आणि खरे तर ते कायद्याने त्या गोळीबाराला तितकेच जबाबदार होते. २०११ साली लोकांनी सर्वांना एकाच मापाने मोजून घरी पाठविले.

म्हणून आमचे मत विचाराल तर, बत्तीसेक महिन्यांत भांडून मोडलेल्या केरळच्या मंत्रिमंडळाची जितकी हेटाळणी होते तितकी ते पात्र नाही. त्यांची भांडणे निदान मंत्र्यांची भांडणे होती. सभागृहात, वृत्तपत्रात, चहाच्या दुकानात लोकांना ती दिसत होती, आणि त्यांचा निकाल अखेर विधानसभेत लागला. उणीव होती ती हिशेब तपासण्याच्या सर्वमान्य रीतीची. ती आजही आपल्याकडे कोठल्याच आघाडीला साधलेली नाही, मग ती डावी असो की उजवी.

आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, प्रजा समाजवादी, रिपब्लिकन अशी डावी मंडळी एकवटली होती. पण तिच्यावर राज्याची खाती वाटून घेण्याची पाळी कधी आली नाही. १९६० साली महाराष्ट्र मिळाला आणि समितीची एकजूट ओसरली. ती मंत्रिमंडळाच्या खोलीत गेली असती तर काय झाले असते, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे द्यावे.

केरळात पुढे खाती वाटण्याची कला मात्र चांगलीच सुधारली. २००३ च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या आमदारांच्या शेकडा पंधराच्या आत आणली. १४० आमदारांच्या केरळात म्हणजे एकवीस. २०२१ साली डाव्या आघाडीचे मंत्रिमंडळ झाले तेव्हा एकेक आमदार असलेल्या चार पक्षांनी दोन मंत्रिपदे अडीच-अडीच वर्षे वाटून घ्यावयाची असे ठरले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ठरल्याप्रमाणे दोघे उतरले व दोघे चढले. त्याच मंत्रिमंडळात महाराष्ट्रात जन्मलेल्या राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचेही एक मंत्री, ए. के. ससींद्रन, वनखाते सांभाळीत होते.

राहता राहिला तो जमिनीचा कायदा. राष्ट्रपतींची संमती मिळून तो १ जानेवारी १९७० रोजी अमलात आला, तेव्हा मुख्यमंत्री होते कम्युनिस्ट पक्षाचे सी. अच्युत मेनन, आणि विरोधी बाकांवर होत्या तो मांडणाऱ्या गौरीअम्मा. श्रेय कोणाचे यावर दोन्ही पक्षांची वर्षानुवर्षे हमरीतुमरी चालली. गौरीअम्मांना १९९४ साली त्यांच्याच पक्षाने काढून टाकले. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, आणि २००१ साली त्या ए. के. अँटनी यांच्या मंत्रिमंडळात, काँग्रेसच्या आघाडीत, कृषिमंत्री म्हणून बसल्या. ११ मे २०२१ रोजी, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी त्या वारल्या. १९५७ च्या पहिल्या मंत्रिमंडळातील अखेरच्या हयात मंत्री त्याच होत्या.